घाबरट कुत्र्याला वॉकवर अनोळखी माणसांची सवय लावणं

रस्त्यात अनोळखी माणूस दिसला की जो कुत्रा भुंकतो, लीश ओढतो, मालकाच्या पायामागे लपतो किंवा थेट अंगावर धावून जातो, त्याच्या मनातली भीती हळूहळू कमी करायची ही पद्धत. यात ‘बस’, ‘थांब’ शिकवणं दुय्यम असतं, माणूस दिसला की काहीतरी चांगलं होतं हे कुत्र्याच्या मनात पक्कं बसवायचं असतं आणि त्यासाठी मुख्य दोन गोष्टी लागतात, त्याला जीव की प्राण असलेलं खाणं आणि भरपूर अंतर. मुंबईत खाण्याची अडचण नाही, अडचण आहे ती अंतराची, म्हणून इथे अर्धी मेहनत जागा आणि वेळ शोधण्यातच जाते.

भीती येते कुठून? पिल्लू साधारण ३ ते १४ आठवड्यांचं असताना जे बघतं ते त्याला नॉर्मल वाटतं, त्या काळात वेगवेगळी माणसं दिसली नाहीत तर पुढे प्रत्येक नवा चेहरा संशयास्पद वाटू शकतो. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये घरातच वाढलेल्या बऱ्याच पिल्लांचं हेच झालं. त्यात लसीकरण पूर्ण होईपर्यंत खाली नेऊच नका असं सगळे सांगतात, पण उचलून कडेवर घेऊन गेटपाशी उभं राहता येतं, जमिनीवर ठेवायचं नाही एवढंच, आणि हे खरंच करावं. बाकी काही कुत्रे जन्मतःच भित्रे असतात, काहींनी मार खाल्लेला असतो, काहींना कुठेतरी दुखत असतं, म्हणून वागणं अचानक बदललं असेल तर ट्रेनरच्या आधी डॉक्टर.

घाबरलेला कुत्रा भुंकायच्या खूप आधी सांगत असतो. ओठ चाटतो, झोप नसताना जांभई देतो, मान फिरवतो, कान मागे जातात, शेपूट पोटाखाली, डोळ्याचा पांढरा भाग दिसायला लागतो, आणि एरवी ज्यासाठी जीव टाकतो तो चिकनचा तुकडा तोंडासमोर धरला तरी घेत नाही. खाणं नाकारलं म्हणजे आपण खूप जवळ आलोय, तिथे शिकवणं थांबवायचं आणि लांब जायचं. गुरगुरण्यावर ओरडू नये, कारण गुरगुरणं बंद झालं तरी भीती आत तशीच राहते आणि मग तो काहीच न सांगता चावू शकतो.

पद्धत तशी जुनी आहे. १९२४ मध्ये मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईंनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या छोट्या मुलाला आवडीचं खाऊ देत देत पिंजऱ्यातला ससा हळूहळू जवळ आणला होता, कुत्र्यांच्या बाबतीत आजही तेच करतात. माणूस लांबून दिसला, कुत्र्याने पाहिलं पण अजून ताठरला नाही, लगेच चिकन, माणूस दिसतोय तोवर छोटे छोटे तुकडे चालूच, माणूस गेला की चिकन बंद. क्रम महत्त्वाचा, आधी माणूस मग खाणं. उलटं केलं तर चिकनची पिशवी वाजली की आता कोणीतरी येणार असं समजून कुत्रा आधीच घाबरायला लागतो. काही दिवसांनी माणूस दिसल्यावर तो स्वतःहून वळून मालकाकडे बघतो, ही खूण दिसली की मगच अंतर थोडं कमी करायचं.

आता मुंबईत हे अंतर आणायचं कुठून. संध्याकाळचं शिवाजी पार्क किंवा मरीन ड्राइव्ह यासाठी नाहीच, पहाटे लवकर किंवा रात्री उशिरा निघावं, रविवारी सकाळी बॅलार्ड इस्टेट, बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) असे ऑफिसवाले भाग बऱ्यापैकी रिकामे असतात आणि रस्ते रुंद, तिथे लांबून एखादा माणूस येताना दिसतो, म्हणजे तयारीला वेळ मिळतो. गल्लीत पार्क केलेल्या गाड्यांचा आडोसा घ्यायचा. ‘चल मागे’ म्हटलं की गर्रकन वळायचं, हे आधी घरातच पक्कं करून घ्यायचं म्हणजे समोरून हेल्मेट घातलेला डिलिव्हरीवाला आला तरी ओढाताण होत नाही. पावसाळ्यात छत्री आणि रेनकोटमुळे ओळखीचा माणूससुद्धा अनोळखी होतो, म्हणून जूनच्या आधीच घरात छत्री अर्धी उघडून खाली ठेवायची, भोवती चिकन टाकायचं, मग पूर्ण उघडायची, मग कोणीतरी हातात धरून चालायचं. गणपती-दिवाळीत नवीन काही शिकवू नये, ढोल आणि फटाक्यांचा ताण एका रात्रीत उतरत नाही.

सगळ्यात अवघड लिफ्ट. दरवाजा उघडतो आणि नाकासमोर चार माणसं, पळायला जागा नाही. गर्दी असेल तर सरळ पुढची लिफ्ट घ्यावी, आत गेल्यावर कुत्रा कोपऱ्यात आणि आपण मध्ये, आणि त्याचं तोंड भिंतीकडे ठेवून जमिनीवर तुकडे टाकत राहायचं. खालच्या मजल्यांवर राहणाऱ्यांनी जिना वापरावा. सोसायटीने लिफ्ट बंद केली तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना दाखवाव्यात, पाळीव कुत्र्यांना लिफ्ट बंद करू नये असं त्यात म्हटलंय.

एक सल्ला मात्र सगळे देतात आणि तो चुकीचा आहे, की वॉचमनच्या हातून बिस्कीट खायला द्या, दोस्ती होईल. कुत्रा बिस्किटासाठी जवळ जातो, बिस्कीट संपतं आणि मग त्याच्या लक्षात येतं की आपण अनोळखी माणसाच्या अगदी हाताशी उभे आहोत, चावणं बरेचदा त्याच क्षणी होतं. खाणं मालकानेच द्यावं. ‘काही करत नाही ना?’ म्हणत हात पुढे करणाऱ्या काकांना ‘घाबरतो तो, हात नका लावू’ असं स्पष्ट सांगावं, वाईट वाटलं तरी चालेल.

गळ्याला चोक चेन किंवा काट्यांचा पट्टा नको, माणूस दिसला की मान दुखते एवढंच कुत्रा शिकतो. छातीला नीट बसणारा हार्नेस आणि साधी सहा फुटी लीश पुरते, आपोआप लांब होणारी लीश गर्दीत धोक्याची. चावायची शक्यता असेल तर जाळीचा मझल, म्हणजे तोंडाला बांधायची मुसकी, ज्यात त्याला धापा टाकता येतात, पाणी पिता येतं आणि चिकनही खाता येतं, पण त्याचीही सवय आधी घरात.

काही कुत्र्यांची भीती इतकी खोल असते की कितीही लांब उभं राहिलं तरी ते खातच नाहीत, अशांना पशुवैद्य औषध देतात आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. फ्लुओक्सेटिनसारख्या गोळीचा परिणाम दिसायला साधारण चार ते सहा आठवडे जातात, ती मनाने सुरू किंवा बंद करायची नाही, आणि तोवर वॉक छोटे ठेवून माणसांपासूनचं अंतर आधीपेक्षा वाढवायचं.