क्रिएटिन मध्येमध्ये बंद करायची खरंच गरज असते का?

जिममध्ये क्रिएटिनचा, म्हणजे ताकद वाढावी म्हणून पाण्यात कालवून घेतात त्या पावडरीचा, डबा घेऊन आलेल्या नवीन पोराला पहिल्याच आठवड्यात तिघं तीन सल्ले देतात. एक म्हणतो दोन महिने घे आणि एक महिना बंद ठेव, दुसरा म्हणतो सहा आठवडे ऑन नि चार आठवडे ऑफ, आणि तिसरा म्हणतो सतत घेतलंस तर बॉडी स्वतःचं क्रिएटिन बनवायचंच विसरेल, शिवाय किडनीला पण थोडा आराम नको का. सांगणारे सगळे मनापासूनच सांगत असतात, आणि ऐकणारा पोरगा घरच्यांना आधीच कसंबसं पटवून आलेला असतो, त्यामुळे हा प्रश्न एकदा नीट बघायलाच हवा.

उत्तर आधीच सांगते. ज्याच्या किडन्या चांगल्या आहेत, जो रोज ३ ते ५ ग्रॅम साधं क्रिएटिन मोनोहायड्रेट घेतो, त्याला शरीराला आराम म्हणून ब्रेक घ्यायची गरज आहे असं दाखवणारा पुरावा आजवर सापडलेला नाही. ब्रेक घेतला तर काही बिघडतही नाही, फक्त जे मिळवायला पैसे घातले ते हळूहळू निघून जातं. थांबण्याची खरी कारणं आहेत, पण ती वेगळीच आहेत, त्यांच्याकडे शेवटी येते.

आधी हे काय आहे ते बघू. १८३२ साली शेव्हरोल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला मांसाच्या अर्कात हा पदार्थ सापडला, आणि १८४७ मध्ये लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने एक भारी गोष्ट नोंदवली, की शिकारीत धावून धावून मेलेल्या रानटी कोल्ह्यांच्या स्नायूंमध्ये तो पिंजऱ्यातल्या कोल्ह्यांपेक्षा कितीतरी जास्त असतो. म्हणजे स्नायूंच्या मेहनतीशी याचं काहीतरी नातं आहे हा अंदाज पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा आहे. आपलं शरीर ते स्वतः बनवतं, पहिली पायरी मुख्यतः किडनीत आणि दुसरी लिव्हरमध्ये, आर्जिनिन, ग्लायसिन आणि मेथिओनिन या अमिनो ॲसिडपासून. ७० किलोच्या माणसात एकूण १२० ग्रॅमच्या आसपास क्रिएटिन असतं आणि त्यातलं ९५ टक्के स्नायूंमध्ये. तिथे त्यातल्या बऱ्याचशा भागाला फॉस्फेट जोडलेला असतो, आणि तुम्ही जड स्क्वॉटचा सेट मारता तेव्हा पहिल्या काही सेकंदांत एटीपी, म्हणजे पेशी थेट वापरतात ती ऊर्जा, संपायला लागलं की हा फॉस्फेट पटकन देऊन एटीपी परत तयार केलं जातं. म्हणूनच फायदा दिसतो तो शेवटच्या एक-दोन रेप्समध्ये (वजन उचलण्याच्या खेपांमध्ये) आणि दोन सेटच्या मधल्या रिकव्हरीत. तासभर जॉगिंग करणाऱ्याला तसा फार नाही.

आता ब्रेकच्या प्रश्नाचं मूळ इथे आहे. स्नायूंमधलं क्रिएटिन म्हणजे गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसारखं धरा, तिची एक कमाल पातळी आहे आणि तळाला बारीकशी गळती आहे. रोज साधारण १.७ टक्के क्रिएटिन आपोआप क्रिएटिनिन नावाच्या टाकाऊ पदार्थात बदलतं आणि लघवीवाटे बाहेर जातं, म्हणजे दिवसाला जवळपास २ ग्रॅम. तेवढं शरीर स्वतः बनवून आणि खाण्यातून भरून काढतं, आणि टाकी पूर्ण नाही पण बरीचशी भरलेली राहते. १९९२ मध्ये रॉजर हॅरिस आणि एरिक हल्टमन या संशोधकांच्या गटाने दाखवलं की ५-५ ग्रॅम दिवसातून चार-सहा वेळा काही दिवस दिलं तर ही पातळी वर जाते, आणि ज्यांची मुळात कमी असते त्यांची सगळ्यात जास्त वाढते. पुढे १९९६ मध्ये हल्टमन यांनीच दाखवलं की २० ग्रॅम रोज सहा दिवस घ्या (यालाच लोडिंग म्हणतात) नाहीतर ३ ग्रॅम रोज २८ दिवस घ्या, दोन्हीकडून स्नायू सारख्याच पातळीला, म्हणजे साधारण २० टक्के वर पोचतात. आणि बंद केलं की पातळी एकदम कोसळत नाही, महिनाभरात हळूहळू मूळ जागी येते.

हे दोन आकडे एकत्र ठेवून जिममधला तो दोन महिने ऑन, एक महिना ऑफ वाला प्लॅन बघा. लोडिंग न करता घेतलंत तर पहिला महिना भरण्यात जातो, दुसरा महिना तुम्ही पूर्ण भरलेले असता, आणि तिसऱ्या महिन्यात सगळं परत रिकामं होतं. म्हणजे तीन महिन्यांत खरा पूर्ण फायदा एकच महिना, आणि वर्षभर हे चालवलंत तर बारापैकी चारच महिने. मला तर हे वाचूनच वाईट वाटतं, कारण आपल्याकडे कित्येक पोरं पगारातून किंवा पॉकेटमनीतून वाचवून हा डबा घेतात.

मग ही ऑन-ऑफची सवय आली कुठून? मला वाटतं ती स्टेरॉइडच्या जगातून आली. तिथे कारण पक्कं आहे, बाहेरून टेस्टोस्टेरॉन टोचलं की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी अंडकोषांना काम करायचा सिग्नल पाठवणं बंद करते, स्वतःचं उत्पादन ठप्प होतं, आणि ते परत सुरू व्हायला कधी महिने लागतात कधी त्याहून जास्त, म्हणून ते लोक सायकल लावतात. कॉफीचं पण थोडंफार तसंच, मेंदूतले रिसेप्टर, म्हणजे जिथे कॉफीचा परिणाम होतो त्या जागा, सरावतात आणि तोच कप मग लागत नाही. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकनंतर क्रिएटिन ॲथलीट लोकांत गाजायला लागलं आणि थोड्याच वर्षांत ते त्याच बॉडीबिल्डिंगच्या वर्तुळात शिरलं, तिथली सवय पण मग त्याला चिकटली. पण क्रिएटिन हार्मोन नाही, ते कुठल्या रिसेप्टरला डिवचून काम करत नाही, ते स्नायूंमधलं कच्चं इंधन आहे, आणि भरलेल्या टाकीला सवय होत नसते.

तरी ‘बॉडी स्वतःचं बनवणं बंद करेल’ ही भीती अगदीच हवेतली नाही हे पण सांगायला हवं. बाहेरून क्रिएटिन आलं की किडनीतल्या पहिल्या पायरीचं एन्झाइम कमी होतं, हे प्राण्यांमध्ये अनेक दशकांपूर्वीच नीट दाखवलेलं आहे. पण ही इजा नाही, हा हिशोब आहे, बाहेरून मिळतंय तर घरी कशाला बनवा. रोज भरपूर मटण-मासे खाणाऱ्याच्या शरीरात पण हेच होतं आणि त्याला कोणी मटणाचा ब्रेक घे म्हणत नाही. बंद केल्यावर पातळी मूळ जागी येऊन थांबते, त्याच्या खाली जात नाही, म्हणजे कारखाना परत सुरू झालेला असतो.

दुसरी एक शंका जरा अभ्यासू लोक काढतात, क्रिएटिन स्नायूत आत नेणारा जो ट्रान्सपोर्टर असतो तो सतत घेतल्याने कमी होतो असं. १९९८ चा उंदरांवरचा एक प्रयोग आहे त्यात तसं दिसलं होतं, पण उंदरांना दिलेला डोस त्यांच्या वजनाच्या मानाने प्रचंड होता. नंतर २००३ मध्ये माणसांच्या स्नायूंचे नमुने घेऊन बघितलं तेव्हा दोन महिन्यांच्या क्रिएटिननंतरही त्या ट्रान्सपोर्टरच्या जीनच्या कामात फरक दिसला नाही.

आणि दीर्घकाळाचं काय, तर इथे मला सगळ्यात भरवशाची गोष्ट जिमच्या बाहेरची वाटते. अमेरिकेत आणि कॅनडात पार्किन्सनच्या १,७४१ रुग्णांवर एक मोठी ट्रायल झाली, अर्ध्यांना रोज १० ग्रॅम क्रिएटिन, म्हणजे आपल्या स्कूपच्या दुप्पट, आणि कसलाही ब्रेक नाही, बरेच जण चार वर्षांपेक्षा जास्त घेत होते. २०१५ मध्ये निकाल आला. पार्किन्सनला उपयोग झाला नाही, ट्रायल त्यामुळेच थांबवली, आणि हे वाचताना त्या रुग्णांसाठी वाईट वाटतंच. पण हे लोक वयस्कर होते, आजारी होते, त्यांच्यावर डॉक्टरांची सतत नजर होती, आणि तरी क्रिएटिनमुळे काही गंभीर त्रास वाढल्याचं दिसलं नाही.

किडनीचा गोंधळ मात्र नीट समजून घ्या, कारण यात घरोघरी रडारड होते. ऑफिसच्या हेल्थ चेकअपचा रिपोर्ट येतो, क्रिएटिनिन १.२, खाली ईजीएफआर, म्हणजे किडनी रक्त किती गाळते त्याचा अंदाज, लिहिलेला, आई तो रिपोर्ट घेऊन फॅमिली डॉक्टरकडे धावते. आता २८ वर्षांच्या पुरुषाचं क्रिएटिनिन १.० असेल तर सध्याच्या फॉर्म्युल्याने ईजीएफआर येतो १०५ च्या आसपास, आणि तेच १.२ झालं की ८४-८५. एवढा फरक फक्त त्या एका आकड्याने पडतो. हा फॉर्म्युला असं धरून चालतो की क्रिएटिनिन रक्तात वाढलं म्हणजे किडनी ते कमी काढतेय. पण तुम्ही स्नायूंत क्रिएटिनच जास्त भरलंय, त्यापासून बनणारं क्रिएटिनिन पण थोडं जास्तच असणार, किडनी तीच आणि तितकंच काम करतेय. वर जास्त मसल असलेल्या माणसाचं ते मुळातच वरच्या बाजूला असतं, आणि आदल्या दिवशी जड वर्कआउट नि रात्री मटण झालं असेल तर अजून थोडं. अशा वेळी डॉक्टरांना आधीच सांगायचं की मी क्रिएटिन घेतो, ते सिस्टॅटिन सी नावाची दुसरी टेस्ट सांगू शकतात जिच्यावर क्रिएटिनचा असा परिणाम होत नाही, किंवा काही आठवडे बंद ठेवून परत तपासू शकतात. हे बंद ठेवणं म्हणजे आकडा स्वच्छ दिसावा म्हणून, किडनीला आराम म्हणून नाही. आणि ज्याला आधीपासून किडनीचा आजार आहे, एकच किडनी आहे, किंवा किडनीवर ताण टाकणारी औषधं चालू आहेत, त्याने ऑन-ऑफ काहीच करू नये, डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरूच करू नये.

आपल्याकडे ब्रेकचा एक खास सीझन असतो तो म्हणजे श्रावण. बरेच जण नॉनव्हेज सोडतात आणि त्याच्याच बरोबर सप्लिमेंट पण कपाटात ठेवून देतात, आता महिनाभर सगळंच शुद्ध म्हणून. पण गंमत अशी की मांस-मच्छी हाच खाण्यातल्या क्रिएटिनचा मुख्य स्रोत, कच्च्या मांसात किलोला साधारण ४ ग्रॅम असतं, दुधात लिटरमागे जेमतेम ०.१ ग्रॅम, आणि डाळी-भाज्यांत जवळपास काहीच नाही. म्हणजे दोन्ही एकदम थांबवलं तर स्नायूंना बाहेरून येणारं जवळपास सगळंच थांबतं. बाजारातलं क्रिएटिन मोनोहायड्रेट जनावरापासून काढत नाहीत, ते कारखान्यात सार्कोसिन आणि सायनामाइड या रसायनांपासून बनतं, त्यामुळे पावडर श्रावणात घ्यायला हरकत नसावी, फक्त कॅप्सूल असेल तर तिचं कवच जिलेटिनचं आहे का ते बघा. आणि जे बारा महिने शाकाहारी आहेत त्यांच्या स्नायूंत मुळातच पातळी कमी असते, म्हणून त्यांना सहसा याचा फरक जास्त जाणवतो. जैन किंवा वारकरी घरातल्या पोरांना हे कोणी सांगतच नाही.

ब्रेक घेतल्यावर काय होतं ते पण माहीत असलेलं बरं, म्हणजे घाबरायला होत नाही. सुरुवातीला क्रिएटिन आत जाताना पाणी बरोबर घेऊन जातं, वजन किलो-दीड किलो वाढतं, आणि बंद केल्यावर ते पाणी निघून जातं. आरशात हात जरा पडल्यासारखे दिसतात, वजनकाटा खाली येतो, आणि लगेच लोक म्हणतात की बघ, सगळी बॉडी उतरली, म्हणजे खोटी होती. तसं नसतं. वयस्कर पुरुषांवरच्या एका अभ्यासात क्रिएटिन थांबवून १२ आठवडे व्यायाम थोडा कमी करून चालू ठेवला, तर त्यांची ताकद आणि स्नायू क्रिएटिन न घेतलेल्यांपेक्षा वेगाने घटले नाहीत. व्यायामाने जे कमावलंय ते तुमचं असतं. म्हणून गावी गेलात, लग्नाच्या धावपळीत डबा विसरलात, चार दिवस चुकले, तर परत आल्यावर दुप्पट घ्यायची पण गरज नाही, रोजचा स्कूप सुरू करा.

डब्याबद्दल थोडंच सांगते. साधं मोनोहायड्रेट घ्या, त्याच्यापेक्षा भारी म्हणून महाग विकले जाणारे प्रकार त्याहून चांगले ठरलेले नाहीत. एफएसएसएआय परवाना बघा, शक्यतो बॅचचा लॅब रिपोर्ट देणारी कंपनी बघा. २० अंशाला एका लिटर पाण्यात जेमतेम १४ ग्रॅम विरघळतं, म्हणून ग्लासाच्या तळाशी रेतीसारखं राहतंच, कोमट पाणी घ्या आणि तळाचं पण पिऊन टाका, सकाळी कालवून रात्रीपर्यंत ठेवू नका. पावसाळ्यात गुठळ्या झाल्या तर नुसत्या दमटपणाने खराब होत नाही, ओला चमचा मात्र आत घालू नका.

आता थांबायची खरी वेळ. ज्यांचं वजन मोजलं जातं त्यांची. कुस्तीत वजनगट असतात, आणि किलोभर पाण्याने गट चुकू शकतो. १९९७ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये अमेरिकेत कॉलेजचे तीन पैलवान साधारण महिनाभरात गेले, तेव्हा पेपरात पहिला संशय क्रिएटिनवर आला होता, तपासाअंती कळलं की पोरं गरम खोलीत, घाम कोंडणारे सूट घालून, पाणी तोडून वजन उतरवत होती आणि शरीराचं तापमान वाढून गेली. ही गोष्ट आपल्या तालमींत प्रत्येक वस्तादाने पोरांना सांगायला हवी. वजन तोडायचंय तर क्रिएटिन चार-सहा आठवडे आधी बंद करून ते पाणी आपोआप जाऊ द्यावं, वजनाच्या आदल्या रात्री रबरी सूट घालून पळू नये.

आणि पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं. त्यात गोळाफेक आहे, १०० मीटर आहे, आणि पुरुषांना १६०० मीटर पण आहे. पहिल्या दोन्हीत क्रिएटिनचा उपयोग होऊ शकतो, पण १६०० मीटरला वाढलेलं किलोभर वजन प्रत्येक पावलाला उचलायचं असतं. तुमचं धावणं आधीच कटऑफच्या काठावर असेल तर मैदानी चाचणीच्या महिनाभर आधी बंद करून बघा आणि स्टॉपवॉच लावून स्वतःचं टायमिंग तपासा, धावणं चांगलं असेल आणि गोळा कमी जात असेल तर चालू ठेवा. मैदानी चाचणीच्या आदल्या आठवड्यात मित्राचं ऐकून पहिल्यांदा लोडिंग मात्र चालू करू नका, २० ग्रॅम एकदम सुरू केलं की काहींचं पोट बिघडतं, आणि पोट बिघडवून घ्यायचा तो आठवडा नाही.