हाडाला पटेल असा पृष्ठभाग

खुब्याचा कृत्रिम सांधा सहसा मोडत नाही, तो सैल होतो. मांडीच्या हाडात बसवलेला धातूचा दांडा काही वर्षांनी किंचित हलू लागतो, चालताना मांडी ठणकते आणि एक्स-रेवर दांड्याच्या कडेने बारीक काळी रेघ उमटते. आज सांध्याच्या धातूवर नॅनोमीटरच्या, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या, मापाचे काम चालते ते या रेघेमुळे.

सुरुवातीला मात्र चिंता वेगळीच होती. १८९० च्या सुमारास बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लेस ग्लुक यांनी क्षयाने खाल्लेल्या सांध्यांत हस्तिदंती सांधे बसवले. जंतुसंसर्गापुढे ते टिकले नाहीत. बोस्टनच्या स्मिथ-पीटरसन यांनी १९२३ मध्ये काचेची टोपी वापरून पाहिली, तर ती फुटायची. पुढे कोबाल्ट-क्रोमचे मिश्रधातू आले.

खरी घडी बसवली ती इंग्लंडच्या जॉन चार्न्ली यांनी. पोलादी गोळा, प्लास्टिकची वाटी आणि हाडात दांडा पक्का करायला अ‍ॅक्रिलिकचे बोन सिमेंट. पहिली वाटी टेफ्लॉनची होती. ती भराभर झिजली आणि झिजेच्या कणांभोवती गाठी झाल्या. चार्न्लींनी टेफ्लॉन आणि पॉलिइथिलीन दोन्ही स्वतःच्या मांडीत टोचून घेतले. टेफ्लॉनच्या जागी हाताला गाठ लागली, पॉलिइथिलीनच्या जागी नाही. नोव्हेंबर १९६२ पासून त्यांनी पॉलिइथिलीनची वाटी बसवायला सुरुवात केली.

पॉलिइथिलीनही झिजतेच, फक्त सावकाश. त्याचे बरेचसे कण एका मायक्रॉनहून, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून, लहान असतात. शरीरातल्या भक्षक पेशी ते गिळतात, पण पचवू शकत नाहीत. मग त्या जे रासायनिक संदेश सोडतात, त्यांनी हाड विरघळवणाऱ्या पेशी चेकाळतात. वर्षानुवर्षे याचे खापर सिमेंटवर फुटत होते. विकाराला ‘सिमेंट डिसीज’ असे नावही पडले. बिनसिमेंटच्या सांध्यांभोवतीही हाड झिजलेले दिसले, तेव्हा सिमेंटची सुटका झाली. मग धातूवर धातू घासणारे सांधे पुन्हा जोरात आले. त्यांची झीज वजनाने कमी, पण कण अवघ्या काही दहा नॅनोमीटरचे आणि संख्येने प्रचंड. रक्तात कोबाल्ट-क्रोमियम वाढू लागले, आणि २०१० मध्ये असा एक गाजलेला सांधा कंपनीला जगभरातून परत मागवावा लागला. म्हणजे नॅनो हे प्रकरण सांध्यात आधी शिरले ते शत्रू म्हणून. नॅनोच्या जाहिरातींत ही आठवण कुणी काढत नाही.

दुसरा धागा १९५० च्या दशकात स्वीडनमध्ये सुरू होतो. पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांनी हाडातला रक्तप्रवाह पाहण्यासाठी सशाच्या पायात टायटॅनियमची छोटी कुपी बसवली. प्रयोग संपल्यावर ती निघेना. हाड तिला चिकटून वाढले होते. खरे तर हाडाची गाठ धातूशी पडलीच नव्हती, पडली ती त्याच्यावरच्या काही नॅनोमीटर जाडीच्या ऑक्साइडच्या थराशी. खुब्याच्या दांड्यांवर पुढे सच्छिद्र थर आले, १९८५ पासून हाडातल्या खनिजासारखा हायड्रॉक्सिअ‍ॅपॅटाइटचाही.

त्या थरांची छिद्रे शेकडो मायक्रॉनची. हाडाला आत शिरायला ती पुरेशी, पण पेशी पृष्ठभाग चाचपते तो सुमारे १० नॅनोमीटरच्या प्रथिनांनी. हाडातल्या कोलॅजेनच्या तंतूंवरचे पट्टेही ६७ नॅनोमीटर अंतराने असतात. तेव्हा धातूवरही त्याच मापाची नक्षी का नको, हा विचार १९९० च्या दशकाअखेर रुजला. टायटॅनियमचा पत्रा फ्लोराइड असलेल्या द्रावात बुडवून वीजदाब द्यायचा. पृष्ठभागावर मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या, एकमेकींना खेटून उभ्या नळ्या तयार होतात. दाब वाढवला की नळीचे तोंड रुंदावते. इतकी स्वस्त आणि सोपी कृती असल्यावर प्रयोगशाळा तुटून पडल्या नसत्या तरच नवल.

निकाल मात्र एका सुरात आले नाहीत. जर्मनीतल्या एरलांगेनच्या गटाला २००७ मध्ये १५ नॅनोमीटरच्या नळ्या सर्वांत उत्तम वाटल्या. १०० नॅनोमीटरच्या नळ्यांवर पेशी मरत होत्या. दोन वर्षांनी सॅन डिएगोच्या गटाने सांगितले की ७० ते १०० नॅनोमीटरवर मूळ पेशी (ज्यांच्यापासून वेगवेगळ्या पेशी घडतात त्या) हाडाच्या पेशी बनू लागतात. नळ्या तयार झाल्यावर कशा तापवल्या, पेशी कुठल्या घेतल्या, यावर वाद रंगला. ग्लासगोच्या प्रयोगाचे मला जास्त अप्रूप वाटते. १२० नॅनोमीटरचे खळगे काटेकोर ओळीत ठेवले तर फारसे काही होईना. जरा विस्कटून मांडले, तर मूळ पेशींनी कुठल्याही औषधाशिवाय हाडाचे खनिज तयार केले. तेही धातूवर नव्हे, अ‍ॅक्रिलिकवर.

२०१२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी सिकाडा या कीटकाच्या पंखावरच्या नॅनो-सुळक्यांनी जंतू फाटून मरतात हे दाखवले. तेव्हापासून टायटॅनियमवर तसे सुळके काढण्याची धडपड चालू आहे, कारण सांध्याला सैलपणाइतकीच भीती संसर्गाची.

शस्त्रक्रियेत मात्र बिनसिमेंटचा दांडा हातोडीने ठोकून हाडात घट्ट बसवावा लागतो. काचेच्या बशीतल्या नळ्यांना हा मार कधी बसलेला नसतो. हाडाशी घासून त्या खरवडल्या गेल्या, तर पुन्हा तेच कण सांध्यात सुटणार. म्हणून अशा थराची परीक्षा घेताना पेशींच्या आधी तो धातूला किती घट्ट चिकटला आहे ते पाहतात: थर ओरखडून, सोलून, ठोकून.