विज्ञान सांगण्याची स्पर्धा ग्रंथालयातच का?

कॉलेजच्या ग्रंथालयात विज्ञान सांगण्याची स्पर्धा घ्यायची म्हटल्यावर दोन आक्षेप आले. एक, वाचणाऱ्यांच्या कानाशी बडबड कशाला? दुसरा, हे परदेशी फॅड. पहिल्यावर उपाय सोपा होता: मासिकांच्या दालनातली टेबले भिंतीला सरकवली, अभ्यासिकेचे दार लावून घेतले. दुसरा आक्षेप अर्धाच खरा.

तीन मिनिटांत, एकाच स्लाइडवर आपला विषय सांगायचा, हा साचा ऑस्ट्रेलियाचा. दुष्काळात आंघोळ आटोपती घ्यावी म्हणून क्वीन्सलँडमधले लोक न्हाणीघरात तीन मिनिटांचे वाळूचे घड्याळ ठेवत. त्यावरून तिथल्या विद्यापीठात प्रबंधही तेवढ्याच वेळात सांगायची टूम निघाली आणि २००८ साली पहिली स्पर्धा झाली.

मराठीत मात्र या स्पर्धांचा सराव जुना. मराठी विज्ञान परिषद १९६६ची. तिच्या विज्ञानकथा स्पर्धेत १९७४ साली कुणा नारायण विनायक जगताप यांची ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. हे जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर! आद्याक्षरे उलटी केलेली, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नीकडून उतरवून घेतलेली. लेखी फेरीत नावे झाकायचा आमचा नियम या किश्शावरूनच आला.

गोव्यात तर धागा सोळाव्या शतकापर्यंत जातो. गार्सिया द ऑर्ता या वैद्याचा इथल्या औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. विद्वानांची लॅटिन सोडून त्याने तो पोर्तुगीजमध्ये लिहिला, तोही संवादरूपात. रुआनो नावाचा काल्पनिक पाहुणा शंका काढतो, ऑर्ता उत्तरे देतो. न कळणारा माणूस समोर बसवल्याशिवाय नीट सांगता येत नाही, हे त्याला पक्के ठाऊक असावे.

ग्रंथालय निवडण्याचे कारणही तेच. विभागाच्या वर्गात ऐकणारे सगळे त्याच विषयाचे. अवघड शब्द कुणालाच खटकत नाही. ग्रंथालयात पेपर चाळायला आलेला कॉमर्सचा मुलगाही श्रोता होतो. मागच्या खेपेला एक मुलगी खाजन शेतातल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातल्या, कोरगूट भातावर बोलत होती. ‘लवणता-सहिष्णू वाण’ असे ती दोनदा म्हणाली. पुस्तके लावणारे आमचे काका मागून म्हणाले, ‘‘बाय, खारे पाणी सोसणारे भात, असेच ना?’’ ती थबकली, हसली आणि उरलेले दीड मिनिट त्यांच्याकडे बघून बोलली.