अंगात रक्त नाही, पण जातं कुठे?

दवाखान्यात डॉक्टर डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने ओढून बघतात. आतली कड लालसर असायला हवी, ती पांढुरकी दिसते. "अंगात रक्तच नाही तुमच्या. पालेभाजी खा, गूळ-शेंगदाणे खा." बाई मान हलवते, लोहाच्या लाल गोळ्यांचं पाकीट पिशवीत टाकून घरी येते. महिना-दीड महिना बरं वाटतं. पुढच्या सुगीला पुन्हा तीच धाप, पाण्याचा हंडा उचलताना तीच चक्कर.

बीड-परभणीकडच्या खेड्यांत हे इतकं सवयीचं झालंय की 'कमी रक्त' हा बाईच्या अंगाचा स्वभावच मानला जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. अपुरा आहार, पाळीत जाणारं रक्त, लागोपाठची बाळंतपणं ही कारणं आहेतच. पण रांजण रिकामा दिसला की आपण दोन गोष्टी बघतो: पाणी कमी भरलं का, आणि रांजण गळतोय का. रक्ताच्या बाबतीत दुसरा प्रश्न सहसा राहूनच जातो. ही गळती करणाऱ्यांत जेमतेम एक सेंटीमीटर लांबीचा एक जंत असू शकतो. त्याचं नाव अंकुशकृमी, म्हणजेच हुकवर्म. जगभरात सुमारे ४० ते ५० कोटी लोकांच्या पोटात तो आहे, असा अंदाज आहे.

माणसात मुख्यतः याच्या दोन जाती आढळतात, अँकायलोस्टोमा ड्युओडेनेल आणि नेकेटर अमेरिकॅनस. पहिल्याच्या तोंडात दातांसारखे आकडे असतात, दुसऱ्याच्या तोंडात पात्यासारख्या धारदार पट्ट्या. लहान आतड्याच्या आतल्या अस्तराला हा जंत चावून धरतो आणि रक्त शोषतो. जखमेत तो रक्त गोठू न देणारी रसायनं सोडतो, त्यामुळे त्याने जागा सोडल्यावरही ती जखम थोडा वेळ पाझरत राहते. मग शेजारी नवी जखम.

आता जरा हिशोब करू. नेकेटरचा एक जंत दिवसाला साधारण ०.०३ मिलीलिटर रक्त घालवतो, अँकायलोस्टोमाचा एक जंत ०.२ मिलीलिटरच्या आसपास. पोटात नेकेटरचे शंभर जंत असले तर रोज ३ मिलीलिटर, म्हणजे चमचाभरही नाही. पण एक मिलीलिटर रक्तात जवळपास अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. म्हणजे रोज दीड मिलिग्रॅम लोह आतड्यात सांडलं. त्यातलं काही परत शोषलं जातं, सगळं नाही. आणि आपलं शरीर रोजच्या जेवणातून लोह शोषतं किती, तर एक ते दोन मिलिग्रॅम! भाकरी, वरण, भाजी यांतून कष्टाने जे मिळवलं, त्यातला मोठा वाटा जंताने नेला. शंभर जंत अँकायलोस्टोमाचे असतील तर रोजचं रक्त २० मिलीलिटरवर जातं, आणि ते भरून काढणं कुठल्याही पालेभाजीच्या आवाक्यातलं नाही. पाळी चालू असलेल्या, गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईची लोहाची शिल्लक आधीच कमी असते, म्हणून तिच्यावर हा घाव सगळ्यात लवकर बसतो.

मग हा जंत पोटात येतो कुठून? गावाकडे उत्तर तयार असतं: गोड खाल्लं, उघड्यावरचं खाल्लं. गोडाचा इथे काहीच संबंध नाही. हा जंत बहुतेक वेळा तोंडावाटे येतच नाही, तो तळपायातून येतो.

हे कळलं तेही एका अपघाताने. आर्थर लूस हा जर्मन शास्त्रज्ञ इजिप्तमध्ये या जंताच्या अळ्यांवर काम करत होता. अळ्या असलेलं पाणी चुकून त्याच्या हातावर सांडलं. तिथे आग झाली, खाज सुटली. काही आठवड्यांनी त्याच्याच शौचात अंकुशकृमीची अंडी दिसू लागली. अळ्या धडधाकट कातडीतून आत शिरतात, हे त्याने १८९८ मध्ये मांडलं तेव्हा अनेकांना ते पटेना.

आतला प्रवास तर त्याहून थक्क करणारा आहे. कातडीतून रक्तवाहिनीत, तिथून हृदयात, हृदयातून फुप्फुसात. फुप्फुसाच्या नाजूक पिशव्या फोडून अळी श्वासनळीत चढते, घशापर्यंत येते, आपण तिला नकळत गिळतो आणि ती आतड्यात पोचते. पाच ते आठ आठवड्यांत तिथे मोठी होऊन मादी अंडी घालू लागते, रोज हजारोंनी. ती अंडी शौचावाटे बाहेर पडतात. शौच उघड्यावर, ओलसर आणि सावलीतल्या मातीवर झालं, तर एक-दोन दिवसांत अंडी फुटतात आणि पाच ते दहा दिवसांत कातडी भेदू शकणारी अळी तयार होते. अनुकूल ओल असेल तर ती तीन-चार आठवडे मातीत तग धरून अनवाणी पायाची वाट बघते. कडक उन्हात, कोरड्या ढेकळांत मात्र ती मरते.

यावर मराठवाड्यातला वाचक म्हणेल, आमच्याकडे तर पाण्याचाच दुष्काळ. शिवाय काळी चिकट जमीन अळीला वाळूमिश्रित मातीइतकी मानवतही नाही. हे बरोबर आहे, पण जंताला जिल्ह्याच्या सरासरी पावसाशी देणंघेणं नाही. त्याला हवी चार-सहा फुटांची ओली सावली. ती कालव्याच्या कडेला आहे, अर्धापूरच्या केळीच्या बागेत आहे, वसमतकडच्या हळदीत आहे आणि उसात तर आहेच आहे. पहाटे आडोशाला जायचं म्हटलं की माणूसही तीच सावली शोधतो, आणि रोज त्याच जागी जातो. अळीला याहून सोयीचं काय असणार? रात्री पिकाला पाणी द्यायला दारे धरणारा, चिखलात अनवाणी उभा असलेला माणूस तिच्या वाटेतच असतो.

आणि बीडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या? दसरा-दिवाळीनंतर कोयते घेऊन त्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. पाच-सहा महिने उसाच्या फडाशेजारी कोप्यांत, म्हणजे झोपड्यांत राहतात. शौचालय बहुतेक ठिकाणी नसतंच. भिजवलेलं रान, दाट सावली, शेकडो माणसं, उघड्यावरचं शौच. मला इथे दरवेळी आल्प्समधल्या सेंट गॉटहार्ड बोगद्याची आठवण येते. १८७२ ते १८८२ या काळात १५ किलोमीटरचा तो बोगदा खोदताना मजूर पांढरेफटक पडू लागले, चालताना धापा टाकू लागले, काही दगावले. त्याला खाणकामगारांचा रक्तक्षय म्हणत आणि दोष अंधाराला, कोंदट हवेला देत. १८८० मध्ये तूरिनच्या एदोआर्दो पेरोनचितो यांनी या मजुरांच्या पोटातला अंकुशकृमी दाखवून दिला. बोगद्यात ऊब होती, ओल होती, शौचालय नव्हतं. फडावर काम करणारी बाई गावी परतून दवाखान्यात आली, की तिला 'काय खाता' इतकंच विचारून चालणार नाही. 'सहा महिने कुठे होता, पायात काय होतं, शौचाला कुठे जात होता' हेही विचारायला हवं.

लक्षणं फसवी असतात, आणि थोडे जंत असतील तर नसतातही. अळी शिरते तिथे, बहुधा पायाच्या बोटांच्या बेचक्यात, खाज आणि बारीक पुरळ येतं. पावसाळ्यात त्याला 'चिखल्या झाल्यात' म्हणून सोडून दिलं जातं. अळ्या फुप्फुसातून जाताना काही दिवस कोरडा खोकला येतो. मग पोटात दुखणं, मळमळ, कधी जुलाब. महिनोन्महिने रक्त जात राहिलं की थकवा, छातीत धडधड, धाप, फिकट नखं. फार वाढलं तर पायावर सूज. मुलांची वाढ खुंटते, वर्गात लक्ष लागत नाही, आणि मार बसतो तो 'आळशी' म्हणून.

एक लक्षण वेगळं सांगायला हवं. लोह कमी झालं की काहींना माती, खडू, कच्चे तांदूळ खावेसे वाटतात. 'माती खाल्ली म्हणून जंत झाले' असं म्हणून सून किंवा लेकरू बोलणी खातं. गोल जंतांची अंडी मातीतून पोटात जाऊ शकतात, हे खरं. पण अंकुशकृमीच्या बाबतीत पुष्कळदा उलटं घडतं: आधी जंत, मग लोहाची कमी, मग मातीची ओढ. तिला रागावू नका, तपासायला न्या.

तपासणी साधी आहे. शौचाचा ताजा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली बघितला की पातळ कवचाची अंडी दिसतात. नमुना तासन्‌तास पडून राहू देऊ नये. सोबत हिमोग्लोबिन. उपचारही स्वस्त आहे: मोठ्यांना अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची एक गोळी, चावून. एक ते दोन वर्षांच्या बाळाला निम्मी. मेबेंडाझोल दिलं तर १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, तीन दिवस. अल्बेंडाझोल जंताला साखर शोषू देत नाही, तो उपाशी मरतो. एका गोळीने प्रत्येकाचे सगळे जंत जातीलच असं नाही, म्हणून गरज पडल्यास पुन्हा तपासून पुन्हा द्यावी लागते. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत ही गोळी देत नाहीत. त्यानंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने देतात.

१० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला शाळा-अंगणवाडीत १ ते १९ वर्षांच्या मुलांना हीच गोळी मिळते. राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ पासून पाळला जातो. फेब्रुवारीत मात्र टोळ्यांबरोबर गेलेली मुलं फडावर असतात. ती गावच्या यादीत असतात, शाळेत नसतात. त्यांना कोपीपर्यंत जाऊन गोळी देणं हे आरोग्य खात्याचं काम आहे, आणि फडावर तात्पुरती शौचालयं उभारणं हे साखर कारखान्यांचं. गोळी आज पोट साफ करेल, पण उद्या तोच पाय त्याच चिखलात पडला तर कातडीतून अळी पुन्हा शिरेल. गमबूट मदत करतात, पण मातीत अंडी पडणं थांबतं ते शौचालयानेच.

आणि जंत गेले म्हणून लाल गोळ्या थांबवू नका. गळती बुजली तरी रांजण भरायचा राहिलेलाच असतो. लोह रोज घेतलं तर महिन्याभरात हिमोग्लोबिन वर चढताना दिसतं. ते नेहमीवर आल्यानंतरही साठा भरायला पुढे तीनेक महिने गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. शौच काळं होतं, त्याला घाबरायचं कारण नाही. गोळी घेतल्यावर तास-दोन तास चहा नको, लिंबू पिळलेलं पाणी चालेल.