ग्लुकोमीटर आणि लॅबचा आकडा जुळत नाही, म्हणून मशीन खोटं?

"घरच्या मशीनवर काय विसंबायचं? लॅबमध्ये १४० आली, घरी १५४!" लालबागच्या आमच्या चाळीत हे मी वर्षानुवर्षं ऐकतोय. त्यापायी माणसं साखर तपासणंच सोडून देतात, याचं फार वाईट वाटतं.

हा फरक म्हणजे बिघाड नव्हे. मशीनमध्ये घालायच्या पट्टीवरचं एन्झाइम रक्तातल्या ग्लुकोजवर, म्हणजे साखरेवर, क्रिया करतं आणि त्यातून निर्माण होणारा बारीकसा विद्युतप्रवाह मशीन मोजतं. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या २०१३ च्या मानकानुसार साखर १०० किंवा त्याहून जास्त असेल, तर १०० पैकी किमान ९५ रीडिंग लॅबच्या आकड्यापासून १५ टक्क्यांच्या आत यावी लागतात. १४० ला १५४ त्यात सहज बसतं. शिवाय जेवणानंतर बोटाच्या रक्तात साखर शिरेतल्या रक्तापेक्षा जास्तच असते.

खरा घोळ पुष्कळदा बोटावरच असतो. मे महिन्यात मावशीने हापूस चिरता चिरता बोट टोचलं, आकडा २६८! साबणाने हात धुऊन, नीट पुसून पुन्हा घेतला, तर १५२. आंब्याचा रसही पट्टीने मोजला होता. त्यात मुंबईची दमट हवा, तिने पट्ट्या बिघडतात. पट्टी काढली की डबीचं झाकण लगेच घट्ट लावा.

मधुमेह आहे की नाही, हे मात्र लॅबच्या तपासणीवरूनच ठरतं. पण औषध चालू असताना हात थरथरले, घाम फुटला आणि मशीनवर ६२ इतकी कमी साखर दिसली, तर लॅब उघडायची वाट पाहू नका. आधी साखर खा.