कंपनी विकली म्हणजे सगळी पात्रंही विकली गेली?

‘कंपनी विकत घेतली की तिची सगळी पात्रं नव्या मालकाच्या सिनेमात येणार,’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. तसं वाटणं साहजिक आहे. पण हक्क तुकड्यांत विकले जातात: सिनेमाचे वेगळे, कॉमिकचे वेगळे, खेळण्यांचे वेगळे. मालक बदलला तरी आधीचे करार सहसा तसेच लागू राहतात.

स्पायडरमॅनचंच घ्या. त्याचे सिनेमाचे हक्क कॉमिक कंपनीने १९९९ मध्ये एका स्टुडिओला दिले. २००९ मध्ये ती कंपनी दुसऱ्याच बड्या समूहाने घेतली. सिनेमाचे हक्क मात्र जुन्या स्टुडिओकडेच राहिले.

खात्री करायची तर श्रेयनामावली संपेपर्यंत थांबा. शेवटी बारीक अक्षरांत कॉपीराइटची ओळ येते. तिथे सिनेमाचा मालक एक आणि पात्रांचा दुसरा, असं चक्क लिहिलेलं सापडेल.