अंथरुणावर पडलो की खोटं बोललो? तुमच्या कागदातली क्रियापदं आम्ही का बदलतो

आमच्याकडे इंग्रजी टायपिंगला किंवा तपासायला दिलेला कागद परत घेताना बरेच जण विचारतात, “हे क्रियापद का बदललंत? कॉम्प्युटरवर तर लाल रेघ आली नव्हती.” रेघ येणार नाहीच. तुम्ही लिहिलेला शब्द इंग्रजीत आहे, फक्त तो भलत्याच अर्थाचा भूतकाळ आहे.

मराठीतही असं असतं. भाऊ ‘उद्या येतो’ म्हणाला, पण आरती सगळ्यांनी मिळून म्हटली. क्रियापद एकच, रूपं दोन, आणि ती आपल्याला कुणी शिकवावी लागली नाहीत. इंग्रजीत कान तेवढा तयार नसतो.

मागे एका गृहस्थांचा विम्याचा क्लेम आला होता. पाय मोडून तीन महिने घरी. मसुदा त्यांचा स्वतःचा: ‘आय लाइड इन बेड फॉर थ्री मन्थ्स.’ म्हणजे तीन महिने अंथरुणात खोटं बोलत होतो! हे विमा कंपनीला लेखी द्यायचं? आम्ही ‘लाइड’ काढून ‘ले’ घातलं, तर ते त्यांना पटेना. ‘ले’ म्हणजे ठेवणे, असं शाळेत शिकलेले. तेही बरोबरच, आणि खरी गंमत तिथेच आहे. आडवं पडणे या अर्थाचं ‘लाय’ भूतकाळात ‘ले’ होतं आणि पुढे ‘लेन’. खोटं बोलणे या अर्थाचं ‘लाय’ सरळ ‘लाइड’ होतं. आणि वस्तू ठेवण्याचं ‘ले’ हे तिसरंच क्रियापद, त्याचा भूतकाळ ‘लेड’. जुन्या इंग्रजीत पडणे आणि खोटं बोलणे यांना वेगवेगळे शब्द होते. पुढे ते झिजून एकसारखे झाले, भूतकाळ मात्र वेगवेगळेच राहिले.

व्हिसाच्या फायलींत सगळ्यात जास्त चुकतो तो ‘बोर्न’. ‘सगळा खर्च काका सोसतील’ यातल्या ‘बोर्न’च्या शेवटी ई हे अक्षर हवं. ते गळलं की खर्चाला काकांनी जन्म दिला! जन्मतारखेच्या ओळीत मात्र ई नको. पण आईनं तीन मुलांना जन्म दिला असं ‘हॅज’ घालून लिहायचं असेल, तर ई परत येतो. उच्चार एकच असल्यानं कितीही मोठ्यानं वाचलंत तरी चूक सापडत नाही.

दुकानदारांनी ‘फाउंड’ सांभाळावं. ते सापडण्याचा भूतकाळ आहे, आणि स्थापना करणे या अर्थाचं वेगळं क्रियापदही आहे. त्याचा भूतकाळ ‘फाउंडेड’. सयाजीराव महाराजांनी १९०८ साली बँक ऑफ बडोदा ‘फाउंडेड’; नुसतं ‘फाउंड’ लिहिलं तर महाराजांना बँक रस्त्यात सापडली. ‘माझ्या वडिलांना हे दुकान सापडलं’ अशा अर्थाची ओळ आम्ही आजवर कितीदा दुरुस्त केली असेल, मोजलेलं नाही.

फर्म बंद केली असेल तर ती ‘वाउंड अप’ झाली. ‘वून्डेड’ म्हणजे जखमी. कर्जाच्या प्रोजेक्ट रिपोर्टात मशीनला अमुक रुपये पडले तिथे भूतकाळातही ‘कॉस्ट’च, खर्चाचा हिशेब मांडला तिथे ‘कॉस्टेड’. भिंतीवर फोटो ‘हंग’, फाशी दिलेला माणूस ‘हँग्ड’. बोलताना इंग्रजही इथे ‘हंग’ म्हणून जातात, पण कोर्टाच्या कागदात आम्ही ‘हँग्ड’च ठेवतो. (कॉम्प्युटर मात्र आपल्याकडे हँगच होतो.)

बदललेल्या शब्दाखाली आम्ही पेन्सिलनं रेघ मारतो. वाक्याचा अर्थच दोन्हीकडे जात असेल तर फोन करून तुम्हाला विचारतो, मनानं ठरवत नाही. एक विनंती: ॲफिडेव्हिट नोटरीकडे नेण्याआधी दाखवा. सही-शिक्का झाल्यावर आम्ही एक अक्षरही बदलत नाही. मग कागद पुन्हा करावा लागतो आणि स्टॅम्प पेपरचे पैसे दुसऱ्यांदा जातात.